पेशीजन्य कर्करोग-लसी आणि उंदरांवरील चाचण्या : वाराणसीतील डाल्टन लसीकार्बुदाच्या आधारे

१. प्रास्ताविक

काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात कर्करोगाची दोन रूपे एकमेकांपासून फार अंतरावर नाहीत. एक रूप रुग्णालयातील आहे. टाटा स्मारक केंद्राच्या अखत्यारीतील महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्राचे उद्घाटन येथे फेब्रुवारी २०१९ मध्ये झाले. लहरतारा भागातील रेल्वेच्या जुन्या कर्करोग रुग्णालयाच्या ठिकाणी २०१८ पासून सुरू झालेले होमी भाभा कर्करोग रुग्णालय हे त्याचे जोडकेंद्र होय. पूर्व उत्तर प्रदेश आणि शेजारच्या बिहारमधील रुग्णांना मुंबईची वाट धरावी लागू नये, हा त्यामागील हेतू. दुसरे रूप प्रयोगशाळेतील आहे. याच विद्यापीठाच्या जैवतंत्रज्ञान विभागात डाल्टन लसीकार्बुद या नावाने ओळखला जाणारा उंदरांचा कर्करोग अनेक वर्षे पिढ्यान्‌पिढ्या जोपासला गेला, आणि त्याच्याशी शरीराची प्रतिकारयंत्रणा कशी झुंजते व कशी हरते याचा अभ्यास झाला.

रुग्णालयात येणारा माणूस एक साधा प्रश्न विचारतो : देवीवर लस निघाली, पोलिओवर निघाली, मग कर्करोगावर का नाही? या प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ उंदरांच्या पिंजऱ्यापाशी होतो. उंदराला लस दिली आणि तो कर्करोगातून वाचला, अशा बातम्या वृत्तपत्रांतून वारंवार येतात. त्यांवर रुग्णांचे नातेवाईक आशा बांधतात, प्रसंगी घरदारही गहाण टाकतात. अशा बातमीचा खरा अर्थ काय, हे समजून घेण्यासाठी पेशीजन्य लसींची प्राण्यांवरील चाचणी कशी केली जाते आणि तिच्यात फसगत कोठे होते, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

२. पेशीजन्य लस म्हणजे काय?

नेहमीच्या लसीचे कार्य रोगजंतू शरीरात शिरण्यापूर्वी घडते. मृत किंवा दुबळा केलेला जंतू, अथवा त्याचा एखादा अंश, टोचून प्रतिकारयंत्रणेला शत्रूची ओळख करून दिली जाते. कर्करोगाची पेशी मात्र बाहेरून आलेली नसते. ती शरीराच्या स्वतःच्याच पेशीपासून झालेली असते. म्हणून तिच्यावरील लस बहुधा रोग झाल्यानंतर देण्याची आहे, आणि तिला स्वकीयांमधील बंडखोर ओळखण्याचे अवघड काम शिकवावयाचे आहे.

पेशीजन्य लसींचे मुख्यतः दोन प्रकार मानता येतील. पहिल्यात कर्कपेशीच लस म्हणून वापरल्या जातात. किरणांचा मारा करून त्यांची विभाजनाची शक्ती नष्ट केली जाते, पण त्यांच्या पृष्ठभागावरील खुणा, म्हणजेच प्रतिजने, शाबूत राहतात. दुसऱ्या प्रकारात डेंड्रिटिक पेशी वापरतात. झाडाच्या फांद्यांसारखे धुमारे असणाऱ्या या पेशी प्रतिकारयंत्रणेतील खबऱ्यांचे काम करतात. परक्या वस्तूचे तुकडे करून त्या ते टी-पेशींपुढे मांडतात. या पेशी शरीराबाहेर वाढवून, त्यांना कर्करोगाची प्रतिजने ‘खाऊ घालून’ पुन्हा शरीरात सोडतात.

दोन्ही प्रकारांत लस ही जिवंत घटकांची बनलेली असल्याने केवळ रासायनिक विश्लेषणाने तिची परीक्षा होत नाही. ती ज्याला शिकवणार ती प्रतिकारयंत्रणा संपूर्ण शरीरभर पसरलेली आहे. म्हणूनच प्राण्यांवरील चाचणी येथे महत्त्वाची ठरते.

३. उंदरांच्या वंशाचा प्रश्न

विसाव्या शतकाच्या प्रारंभी संशोधकांनी एका उंदराची गाठ दुसऱ्यात रोपून पाहिली. पुष्कळदा ती वाढली नाही. आधी गाठीचा अंश टोचलेल्या उंदरात तर ती हमखास विरघळून गेली. कर्करोगावर लस सापडली, असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात ते कर्करोगाशी झुंजणे नव्हते. परक्याचे मूत्रपिंड जसे शरीर नाकारते, तशी परक्या उंदराची गाठ नाकारली जात होती. त्याच उंदराच्या निरोगी त्वचेचा तुकडाही तसाच नाकारला गेला असता.

हा घोटाळा सुटला तो अंतःप्रजनित वंशांमुळे. सख्ख्या भावंडांचा संकर सलग किमान वीस पिढ्या केल्यास त्या वंशातील सर्व उंदीर जनुकीय दृष्टीने जवळजवळ एकसारखे होतात. सी. सी. लिटल यांनी १९०९ मध्ये डीबीए वंशाचा आरंभ केला. अशा एकाच वंशातील दोन उंदरांमध्ये त्वचारोपण यशस्वी होते. त्यामुळे त्यांच्यात गाठ नाकारली गेली, तर ते गाठीच्याच वेगळेपणामुळे घडले, असे म्हणण्यास आधार मिळाला.

लुडविक ग्रॉस यांनी १९४३ मध्ये आणि फोली यांनी १९५३ मध्ये या दिशेने प्रयोग केले. निर्णायक पुरावा मात्र प्रेन व मेन यांनी १९५७ मध्ये दिला. मेथिलकोलान्थ्रीन या रसायनाने उत्पन्न झालेली गाठ त्यांनी त्याच वंशाच्या उंदरांत वाढवली, शस्त्रक्रियेने काढून टाकली आणि नंतर तीच गाठ पुन्हा रोपली. ती वाढली नाही. त्या गाठीच्या मूळ धन्याच्या त्वचेचा तुकडा मात्र त्याच उंदरांनी स्वीकारला. म्हणजे नकार होता तो गाठीला, धन्याला नव्हे. पुढे १९६० मध्ये जॉर्ज क्लाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ज्या उंदरात गाठ मूळची उद्भवली त्याच्यातही असा प्रतिकार निर्माण करता येतो. पेशीजन्य लसींच्या सर्व कल्पनांचा पाया येथे घातला गेला. त्वचेचा तो तुकडा हा या इतिहासातील सर्वांत बोलका साक्षीदार आहे, कारण त्याच्यावाचून उरलेल्या पुराव्याचे दोन अर्थ निघाले असते.

४. वाराणसीतील डाल्टन लसीकार्बुद

डाल्टन लसीकार्बुद हे १९४७ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत डीबीए/२ वंशाच्या एका उंदराच्या थायमस, अर्थात यौवनलोपी ग्रंथीत आपसूक उद्भवले. १९५१ मध्ये गोल्डी व फेलिक्स यांनी त्याला जलोदराच्या स्वरूपात आणले. म्हणजे घट्ट गाठीऐवजी कर्कपेशी उदरपोकळीतील द्रवात सुट्या वाढू लागल्या. या रूपाचा मोठा लाभ असा की, सुईने थोडा द्रव काढून पेशी मोजता येतात आणि प्रत्येक उंदराला नेमक्या तेवढ्याच पेशी टोचता येतात.

काशी हिंदू विश्वविद्यालयात अजित सोढी, सुख महेंद्र सिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अर्बुद बाल्ब/सी वंशाच्या उंदरांत वाढवून त्याचा अभ्यास केला. येथे मागील परिच्छेदातील प्रश्न पुन्हा उभा राहतो : डीबीए/२ मधील गाठ बाल्ब/सी मध्ये कशी रुजते? या दोन्ही वंशांचा प्रमुख ऊतक-ओळख गट एकच, ‘एच-२ डी’, आहे. त्यामुळे ठळक परकेपणा जाणवत नाही आणि अर्बुद वाढून उंदराचा बळी घेते. तथापि दोन वंशांत गौण ओळख-खुणांचे भेद आहेतच. रोगाच्या वाढीचा किंवा महाभक्षी पेशींच्या वर्तनाचा अभ्यास करताना हा भेद फारसा आड येत नाही. परंतु या अर्बुदाच्या मृत पेशींची लस करून बाल्ब/सी उंदरांना टोचली आणि ते वाचले, तर शंका घेणे भाग आहे : प्रतिकार कर्करोगाच्या खुणेविरुद्ध झाला, की डीबीए/२ च्या गौण खुणांविरुद्ध? डीबीए/२ च्या निरोगी पेशी टोचलेला एक स्वतंत्र गट ठेवल्यावाचून या शंकेचे निरसन होणार नाही. हाच प्रयोग मूळ डीबीए/२ वंशात करून पाहणे हा दुसरा मार्ग होय.

वाराणसीतील या संशोधनाचा भर लसीवर नव्हता. तरीही लसीचा विचार करणाऱ्याला त्यातून मोलाचे धडे मिळतात. अर्बुद वाढत जाते तसतशी महाभक्षी पेशींची कर्कपेशी मारण्याची क्षमता घटते, इतकेच नव्हे तर त्या अर्बुदाच्या वाढीला साहाय्यभूत होऊ लागतात, असे या अभ्यासात आढळले. टी-पेशींची शाळा मानली जाणारी थायमस ग्रंथी रोगाच्या वाढीबरोबर आक्रसत जाते, हेही दिसून आले. सिसप्लाटिन हे कर्कपेशींना मारणारे औषध महाभक्षी पेशींना उद्दीपित करते, हा सोढी यांच्या गटाच्या संशोधनाचा आणखी एक विषय होता. नर व मादी उंदरांत अर्बुदाच्या वाढीचा वेग सारखा नसतो, असेही या विभागातील अभ्यासातून पुढे आले.

या निष्कर्षांचा लसीच्या चाचणीशी सरळ संबंध आहे. निरोगी उंदराला आधी लस देऊन मग कर्कपेशी टोचल्या, तर ती लस शाबूत थायमस व ताज्या दमाच्या महाभक्षी पेशी असलेल्या शरीराला शिकवते. रुग्णाची स्थिती नेमकी उलट असते. त्याच्या शाळेची पडझड आणि पहारेकऱ्यांची फितुरी आधीच झालेली असते. म्हणून ‘आधी लस, मग रोग’ या क्रमाने मिळालेले यश ‘आधी रोग, मग लस’ या क्रमाला लागू करता येत नाही. आणि एका गटात नर अधिक व दुसऱ्यात माद्या अधिक असल्या, तर लसीचा काहीही गुण नसताना गुण आल्याचा भास होईल.

५. चाचणीची रचना

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी, तसे लस देणे आणि उंदीर वाचणे हे एकत्र घडू शकते. ते योगायोगाने घडले नाही आणि अन्य कारणानेही घडले नाही, हे दाखविणे हे चाचणीचे खरे काम होय. यासाठी उंदरांचे अनेक गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडले जातात. एका गटाला काहीच दिले जात नाही. दुसऱ्याला केवळ मिठाचे द्रावण टोचतात. तिसऱ्याला बीसीजीसारखे, प्रतिकारयंत्रणा चाळवणारे साहाय्यक द्रव्य तेवढे देतात, कारण त्यानेच काही काळ कर्कपेशी मरू शकतात. चौथ्याला त्याच वंशाच्या निरोगी पेशी, पाचव्याला वेगळ्याच कर्करोगाच्या किरणित पेशी आणि सहाव्याला प्रत्यक्ष लस दिली जाते. त्यानंतर सर्वांना जिवंत कर्कपेशींची समान मात्रा टोचली जाते. कोणता उंदीर कोणत्या गटातील, हे निरीक्षण करणाऱ्याला ठाऊक नसणे इष्ट असते.

लसीतील किरणित पेशी खरोखरच निष्क्रिय झाल्या आहेत, याची खात्री स्वतंत्रपणे करावी लागते. अन्यथा लसच रोग देईल. वाचलेल्या उंदरांना काही आठवड्यांनी पुन्हा कर्कपेशी टोचून स्मृती टिकली का, हे पाहतात. टी-पेशींचे विशिष्ट गट प्रतिपिंडांच्या साहाय्याने नाहीसे केल्यावर संरक्षण लोपले, तर ते त्या पेशींमुळे होते असे म्हणता येते. वाचलेल्या उंदराच्या टी-पेशी नव्या उंदरात सोडून तोही वाचतो का, ही त्याहून कडक कसोटी होय.

सर्वांत फसवा सापळा मात्र प्रयोगशाळेच्या नित्याच्या व्यवहारात दडलेला असतो. पेशी शरीराबाहेर वाढविताना त्यांच्या पोषणद्रवात बहुधा गाईच्या गर्भाच्या रक्तातील रक्तोद घालतात. गाईची ही प्रथिने पेशींना चिकटून राहतात. लसीच्या पेशी आणि नंतर टोचलेल्या जिवंत कर्कपेशी, दोन्हीही अशाच द्रवात वाढलेल्या असल्या, तर उंदीर गाईच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिकार करतो आणि कर्कपेशी त्या माऱ्यात सापडतात. उंदीर वाचतो, लेख प्रसिद्ध होतो, पण रुग्णाच्या शरीरातील गाठीवर गाईचे प्रथिन नसते. जलोदराच्या रूपात उंदरातच वाढणारे डाल्टन लसीकार्बुद या सापळ्यातून पुष्कळसे सुटते. त्याच्याबरोबर यजमान उंदराच्या स्वतःच्या पेशी मिसळून येतात, ही त्याची उलट बाजू होय.

६. रोपलेली गाठ आणि आपसूक झालेली गाठ

टोचलेल्या कर्कपेशी काही आठवड्यांत उंदराला मारतात. माणसाचा कर्करोग वर्षानुवर्षे शरीराशी जुळवून घेत वाढतो. या फरकामुळे आपसूक उद्भवणाऱ्या गाठींचा अभ्यास अपरिहार्य ठरला. भारतात या प्रकारच्या कामाची परंपरा मुंबईत रुजली. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी व्ही. आर. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळविली, बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्याकडे पेशीसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांच्या निरनिराळ्या वंशांतील स्तनांच्या कर्करोगाचा अभ्यास केला. अनुवंश, संप्रेरके आणि विषाणू यांच्या परस्परसंबंधातून हा रोग कसा उद्भवतो, हा त्यांच्या संशोधनाचा गाभा होता.

या विषाणूचा उल्लेख येथे सहेतुक आहे. काही वंशांच्या माद्यांच्या दुधातून पिलांना स्तनांचा कर्करोग देणारा घटक जातो, हे बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखविले होते. तो पुढे विषाणू असल्याचे सिद्ध झाले. अशा वंशातील गाठीवर लस गुणकारी ठरली, तर ती कर्कपेशीच्या खुणेवर लागू पडली की विषाणूच्या प्रथिनावर, हा प्रश्न उरतो. आपसूक झालेली गाठसुद्धा अशी निरागस नसते.

१९७६ मध्ये ह्यूइट, ब्लेक व वॉल्डर या ब्रिटिश संशोधकांनी उंदरांत आपसूक झालेल्या २७ अर्बुदांचा हिशोब मांडला. शरीर त्यांना परके मानते, असा पुरावा त्यांना आढळला नाही. रसायनांनी मुद्दाम उत्पन्न केलेल्या गाठींत प्रतिजनांची रेलचेल असते आणि त्यांवर लस सहज यशस्वी होते. नैसर्गिक गाठींचे तसे नाही, हा त्यांचा इशारा होता. प्रेन व मेन यांच्या १९५७ च्या प्रयोगातही आपसूक झालेल्या गाठींनी प्रतिकार दिला नव्हता. पुढील संशोधनाने हे मत सौम्य केले, तरी कोणती गाठ निवडली यावर चाचणीचा निकाल अवलंबून असतो, हे तात्पर्य कायम राहिले.

७. उंदरापासून माणसापर्यंत

१९९३ मध्ये ड्रॅनॉफ व सहकाऱ्यांनी बी-१६ या उंदरांच्या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींत निरनिराळी जनुके घालून लसी बनविल्या. त्यांत जीएम-सीएसएफ हे, डेंड्रिटिक पेशींना आकृष्ट करणारे, प्रथिन स्रवणारी लस सर्वांत प्रभावी ठरली. या तत्त्वावरील लस पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावर माणसांत आजमावली गेली. २००८ मध्ये तिच्या अखेरच्या टप्प्यातील दोन्ही चाचण्या थांबवाव्या लागल्या. एकीत तर लस घेतलेल्या गटातील मृत्यू अधिक होते. त्वचेच्या कर्करोगावरील, तीन पेशीवंशांपासून केलेल्या कॅनव्हॅक्सिन या लसीच्या मोठ्या चाचण्याही २००५ मध्ये निष्फळ ठरल्या. उलट रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिजन मांडणाऱ्या पेशींपासून बनविलेल्या सिपुल्युसेल-टी या उपचाराला एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ५१२ रुग्णांवरील त्याच्या चाचणीत मध्यम आयुर्मान २१.७ महिन्यांवरून २५.८ महिन्यांपर्यंत गेले. लाभ खरा होता, पण सुमारे चार महिन्यांचा.

उंदरांनी खोटे सांगितले, असा याचा अर्थ नव्हे. शितावरून भाताची परीक्षा होते, ती सर्व शिते एकाच भांड्यातील असतात म्हणून. अंतःप्रजनित उंदीर ही एकाच भांड्यातील शिते आहेत. माणसे तशी नाहीत. प्रत्येक रुग्णाच्या ऊतक-ओळखीच्या खुणा वेगळ्या, गाठ वेगळी, वय अधिक आणि शरीर आधीच्या औषधांनी थकलेले असते. चाचणीतील उंदीर बहुधा तरुण, स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेला आणि अन्य रोगांपासून मुक्त असतो.

प्रतिमानांची निवडही प्रश्नागणिक बदलते. माणसाची कर्कपेशी उंदरात वाढवायची, तर त्याची प्रतिकारयंत्रणा निकामी असावी लागते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत व टाटा स्मारक केंद्रात विकसित झालेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या नेक्सकार-१९ सारख्या उपचारात शिकविलेल्या टी-पेशीच बाहेरून दिल्या जातात. अशा पद्धतीच्या उपचारांसाठी तसा उंदीर उपयोगी पडतो. लसीसाठी मात्र तो निरुपयोगी होय, कारण लस ज्याला शिकवणार तो विद्यार्थीच तेथे नसतो.

८. समारोप

भारतात प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली आणि १९९८ च्या नियमांनुसार होते. प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या नीतिसमितीची पूर्वसंमती लागते. जलोदराने उंदराचे पोट असह्य फुगेपर्यंत थांबावयाचे नाही, असा मानवी दृष्टीचा शेवट आधीच ठरविणे अपेक्षित असते. मार्च २०२३ मधील दुरुस्तीने औषधांच्या पूर्वचाचणीसाठी पेशीसंवर्धनासारख्या, प्राणी न वापरणाऱ्या पद्धतींनाही वाव दिला आहे. वर वर्णिलेले तुलना गट हे उंदरांच्या संख्येत भर घालतात, हे खरे. परंतु तुलना गट गाळून केलेल्या प्रयोगात मेलेला प्रत्येक उंदीर व्यर्थ मेलेला असतो, आणि त्याच्या आधारे दिलेली आशा रुग्णाचीही हानी करते.

म्हणून लसीने उंदीर वाचल्याची बातमी वाचताना चार प्रश्न विचारणे उचित ठरेल : गाठ आणि उंदीर एकाच वंशाचे होते का? लस रोगाच्या आधी दिली की नंतर? निरोगी पेशी आणि केवळ साहाय्यक द्रव्य दिलेले गट होते का? आणि गाठ रोपलेली होती की आपसूक झालेली? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तरी हाती येते ते पुढील चाचणीला परवानगी मागण्याइतकेच प्रमाण. रुग्णाला आश्वासन देण्याइतके नव्हे. वाराणसीत प्रयोगशाळेतून रुग्णालयापर्यंत पायी चालत जाता येते. शास्त्राला तेच अंतर कापण्यास दशके लागतात, आणि त्याची प्रत्येक पायरी ‘उंदीर वाचला, पण कशामुळे?’ या प्रश्नाच्या प्रामाणिक उत्तरावर उभी असते.